गोळी न झाडता घेतलेले शहर : बर्द्यान्स्कची ‘शांतता’ आणि ख्रिस्तसभा

२७ फेब्रुवारी २०२२ हा रविवार होता. युक्रेनवर रशियाचे आक्रमण सुरू होऊन जेमतेम चार दिवस झाले होते. त्या सायंकाळी अझोव समुद्राच्या उत्तर किनाऱ्यावरील बर्द्यान्स्क या बंदराच्या शहरात रशियन सैन्याची वाहने शिरली. शहराच्या वेशीवर लढाई झाली नाही, रस्त्यारस्त्यांतून चकमकी झाल्या नाहीत. सुमारे एक लाखाहून अधिक वस्तीचे ते शहर, त्याचे बंदर, विमानतळ आणि नगरपालिकेची इमारत असे सर्व काही काही तासांत परक्या सैन्याच्या हाती गेले. जगाच्या वृत्तपत्रांना त्या दिवशी कीव्ह आणि खारकीव्हची चिंता होती. बर्द्यान्स्कला बातमीत एखाद-दुसरी ओळ मिळाली आणि तिचा आशय एवढाच होता, की शहर प्रतिकाराविना ताब्यात गेले.

‘प्रतिकाराविना’ हा शब्द वाचून आपल्यापैकी अनेकांना हायसे वाटले असेल. निदान तेथे रक्त सांडले नाही, असे आपण म्हटले असेल. तसे वाटणे चुकीचेही नव्हते. बर्द्यान्स्कपासून पूर्वेला सुमारे ८० किलोमीटरवर मारियुपोल हे दुसरे बंदर आहे. त्याने प्रतिकार केला आणि त्याची काय दशा झाली, हे आपण जाणतो. २० मे २०२२ रोजी अझोवस्ताल पोलाद कारखान्यातील शेवटचे सैनिक शरण आले, तोवर त्या शहराची राखरांगोळी झाली होती. तेथील ९० टक्क्यांपर्यंत निवासी इमारतींची हानी किंवा पूर्ण नाश झाल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने नमूद केले आहे. त्याच मार्च महिन्यात मारियुपोलहून जीव मुठीत घेऊन निघालेली हजारो कुटुंबे बर्द्यान्स्कमार्गे झापोरिझ्झियाकडे गेली. बर्द्यान्स्कची घरे उभी होती, म्हणूनच त्यांना तेथे डोके टेकायला जागा मिळाली. एका शहराने शस्त्र खाली ठेवले, दुसऱ्याने उचलले. मग शहाणे कोण ठरले? हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही आणि गेली काही वर्षे बर्द्यान्स्कमध्ये जे घडत गेले ते पाहिले म्हणजे तो अधिकच अवघड होतो.

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सैन्याने प्रतिकार केला नाही याचा अर्थ शहराने मान तुकवली असा नव्हता. कार्यवाहक महापौर ओलेक्सांद्र स्विदलो यांनी लगेच एक निवेदन प्रसृत केले. सशस्त्र सैनिक नगरपालिकेत आले, यापुढे कारभार आमच्या नियंत्रणाखाली चालेल असे त्यांनी सांगितले आणि आम्हांला त्यांच्या हाताखाली काम चालू ठेवण्यास सुचविले, हे त्यांनी नागरिकांना कळविले. ही गोष्ट आपणांस मान्य नाही असे सांगून ते आणि त्यांचे सहकारी इमारत सोडून निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून सामान्य स्त्री-पुरुष शहराच्या चौकात जमू लागले. त्यांच्या हातांत झेंडे होते, ओठांवर राष्ट्रगीत होते आणि समोर बंदूकधारी सैनिक होते. तुम्ही आपल्या घरी परत जा, असे ते त्या सैनिकांना ओरडून सांगत होते. विशेष म्हणजे यांतील बहुसंख्य लोकांची रोजच्या बोलण्याची भाषा रशियनच होती. काही आठवड्यांत धरपकड सुरू झाली आणि चौक ओस पडला.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या बाबतीत फार पूर्वीच विचार करून ठेवला आहे. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे दुसरे कलम सांगते, की एखाद्या प्रदेशावरील ताब्याला सशस्त्र प्रतिकार झाला नसला, तरीही हा करार संपूर्णपणे लागू होतो. ही तरतूद काही हवेतून आलेली नाही. मार्च १९३९ मध्ये जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या तेव्हा लढाई झाली नाही. एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क काही तासांत शरण गेला. तेथे ‘युद्ध’ झालेच नाही, मग युद्धाचे नियम कशाला, असा बचाव पुन्हा कुणाला करता येऊ नये म्हणून हे शब्द लिहिले गेले. मूठ न उगारता दार उघडणाऱ्या माणसाचे हक्क दाराबरोबर नाहीसे होत नाहीत, इतकाच त्याचा साधा अर्थ.

१९०७ च्या हेग नियमावलीची काही कलमे या संदर्भात वाचण्याजोगी आहेत. ताबा घेणाऱ्या सत्तेने, अगदीच अशक्य नसेल तर, त्या प्रदेशातील चालू कायद्यांचा मान राखावा. रहिवाशांवर निष्ठेची शपथ लादू नये. त्यांच्या धर्मश्रद्धेचा व उपासनेचा आदर करावा. जिनिव्हा करार आणखी पुढे जातो. लोकांना बळजबरीने हलवू नये, त्यांना आपल्या सैन्यात भरती करू नये आणि अठ्ठावन्नाव्या कलमानुसार धर्मगुरूंना आपापल्या श्रद्धावंतांची आध्यात्मिक सेवा करू द्यावी. हे शेवटचे कलम आपण लक्षात ठेवू, कारण बर्द्यान्स्कच्या कहाणीचा गाभा तेथेच आहे.

प्रत्यक्षात काय झाले? मे २०२२ मध्ये झापोरिझ्झिया व खेरसन प्रांतांतील रहिवाशांना रशियन नागरिकत्व झटपट देण्याचा हुकूम मॉस्कोहून निघाला. ३० जून २०२२ रोजी बर्द्यान्स्क बंदरातून ७,००० टन धान्य घेऊन एक मालवाहू जहाज निघाल्याचे तेथील नव्या प्रशासनाने अभिमानाने जाहीर केले. हे धान्य चोरीचे आहे अशी तक्रार युक्रेनने केली, तुर्कस्तानने ते जहाज काही दिवस आपल्या किनाऱ्याजवळ अडवून ठेवले आणि मग सोडून दिले. सप्टेंबरमध्ये बंदुकीच्या छायेत तथाकथित सार्वमत घेण्यात आले आणि ३० सप्टेंबर रोजी हा संपूर्ण प्रांत रशियाचाच भाग असल्याचे घोषित झाले. १२ ऑक्टोबर २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४३ राष्ट्रांनी ही घोषणा अवैध ठरविली. पाच राष्ट्रे विरोधात गेली, ३५ तटस्थ राहिली आणि त्या तटस्थांत आपला भारतही होता. पुढे २०२३ च्या हुकुमाने रशियन पारपत्र न घेणाऱ्यांना १ जुलै २०२४ पासून आपल्याच गावात परदेशी मानण्याचे ठरले. मार्च २०२५ च्या हुकुमाने अशांना १० सप्टेंबर २०२५ पर्यंत कागदपत्रे बदलून घ्या अथवा निघून जा, असे बजावले.

म्हणजे गोळी न झाडता शहर घेतले, तरी शहर घेणे एका सायंकाळी संपत नाही. सायंकाळी इमारती घेतल्या जातात. माणसे घेण्याचे काम वर्षानुवर्षे चालते. ते शाळेच्या पुस्तकातून, निवृत्तिवेतनाच्या अर्जातून, घराच्या दस्तऐवजातून, दवाखान्याच्या खिडकीतून चालते. ज्या आजीला औषध हवे आहे तिला कागद बदलावाच लागतो. ती फितूर झाली असे म्हणण्याचा अधिकार आपणांस नाही. मला तर वाटते, तिच्याविषयी घाईने निर्णय देणाऱ्यांमध्ये सुरक्षित घरात बसलेलेच अधिक असतात.

आता आपण चर्चकडे वळू. बर्द्यान्स्कमध्ये धन्य कुमारी मरियेच्या जन्मोत्सवाला वाहिलेले एक ग्रीक कॅथलिक चर्च आहे. ग्रीक कॅथलिक म्हणजे पूर्वेकडील उपासनाविधी पाळणारे, परंतु रोमच्या परमगुरूंशी पूर्ण ऐक्य राखणारे आपलेच बांधव. केरळच्या सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार बांधवांमुळे ही गोष्ट भारतीय कॅथलिकांना समजण्यास कठीण नाही. फादर इवान लेवित्स्की आणि फादर बोहदान हेलेता हे दोन रिडेम्प्टरिस्ट धर्मगुरू तेथे सेवा करीत होते. शहरातील लॅटिन विधीच्या मोजक्या कॅथलिकांचीही काळजी तेच वाहात. शहर ताब्यात गेले तेव्हा ते निघून जाऊ शकले असते. ते राहिले. मेंढपाळ आणि मजूर यांतील फरक योहानच्या शुभवर्तमानात प्रभूने सांगितला आहे; लांडगा दिसला की मजूर पळतो. या दोघांनी त्या उताऱ्यावर प्रवचन केले असेल की नाही ठाऊक नाही, पण तो जगून दाखविला एवढे खरे.

१६ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या दोघांना अटक झाली. तो दिवस बुधवार होता. नित्य साहाय्य मातेच्या चित्राची जपणूक व प्रसार १८६६ साली पोप पायस नववे यांनी ज्या संघाकडे सोपविला, तोच हा रिडेम्प्टरिस्ट संघ. माहीमच्या संत मिखाएल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी जी नोव्हेना चालते आणि जिच्यासाठी वसई-विरारपासून लोकलने माणसे जातात, ती याच मातेची. आपल्याकडे ज्या दिवशी मेणबत्त्यांच्या रांगा लागल्या होत्या, त्याच दिवशी बर्द्यान्स्कमध्ये तिच्या दोन सेवकांना पकडून नेण्यात आले. चर्चच्या आवारात शस्त्रे व स्फोटके सापडल्याचा आरोप ठेवण्यात आला. ग्रीक कॅथलिक धर्मपीठाने तो धादांत खोटा असल्याचे सांगितले. अटकेनंतर जेथे झडती झाली तेथे त्या वस्तू कशा आल्या याची जबाबदारी त्या दोघांवर टाकता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. डिसेंबरमध्ये प्रमुख महागुरुस्वामी स्वियातोस्लाव शेवचुक यांनी या दोघांचा छळ होत असल्याचे जगापुढे मांडले. त्याच सुमारास जवळच्या मेलितोपोल शहरातील ग्रीक कॅथलिक धर्मगुरूंनाही हद्दपार करण्यात आले. आणि त्याच डिसेंबर २०२२ मध्ये प्रांताचे रशियाने नेमलेले प्रमुख येवगेनी बालित्स्की यांनी ग्रीक कॅथलिक चर्चच्या कार्यावर, तसेच कॅरितास व नाइट्स ऑफ कोलंबस या संस्थांवर बंदी घालणारा आदेश काढला. कॅरितास म्हणजे आपल्या धर्मप्रांतांत पूर-दुष्काळात धावून जाणारे तेच सेवाकार्य. अठ्ठावन्नावे कलम कागदावर जसेच्या तसे होते.

युक्रेनच्या वयस्क श्रद्धावंतांना यात नवे काही वाटले नसावे. मार्च १९४६ मध्ये लव्हीव येथे सोव्हिएत सत्तेने एक बनावट धर्मसभा भरवून ग्रीक कॅथलिक ख्रिस्तसभा ‘विसर्जित’ केली होती. तिचे बिशप तुरुंगात गेले, चर्च दुसऱ्यांच्या हाती गेली आणि १९८९ पर्यंत त्या ख्रिस्तसभेने तळघरांत, जंगलांत, स्वयंपाकघराच्या मेजावर मिस्सा अर्पण केली. त्या काळातील हुतात्म्यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ जून २००१ रोजी लव्हीवमध्ये धन्य घोषित केले. त्यांत चार रिडेम्प्टरिस्ट होते. २७ जून हा नित्य साहाय्य मातेचा सणही आहे.

त्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे २८ जून २०२४ रोजी, एकोणीस महिन्यांहून अधिक काळ बंदिवासात काढून फादर इवान व फादर बोहदान मुक्त झाले. व्हॅटिकनच्या मध्यस्थीने दहा जणांची सुटका झाली त्यांत ते होते. क्रिमियाच्या तातार मुस्लिम समाजाचे नेते नरिमान जेल्याल हेही त्याच यादीत होते. दुसऱ्या दिवशी, संत पेत्र व संत पौल यांच्या सणाच्या मध्यान्ह प्रार्थनेच्या वेळी, पोप फ्रान्सिस यांनी या दोन धर्मगुरूंच्या सुटकेबद्दल देवाचे आभार मानले आणि इतर कैद्यांच्याही मुक्ततेसाठी विनंती केली. यामागे कार्डिनल मात्तेओ झुप्पी यांचे वर्षभराचे न गाजणारे कार्य होते. पोप फ्रान्सिस यांचे दूत म्हणून ते जून २०२३ मध्ये आधी कीव्हला आणि मग मॉस्कोला गेले होते. कैद्यांच्या आणि पळवून नेलेल्या मुलांच्या याद्या त्यांच्या मार्गाने इकडून तिकडे जात राहिल्या.

येथे एक वादाचा विषय टाळून चालणार नाही. मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, स्वित्झर्लंडच्या एका दूरचित्रवाणीला दिलेल्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस यांनी ‘पांढऱ्या निशाणाचे धैर्य’ असा उल्लेख केला आणि युक्रेनमध्ये तीव्र नाराजी उमटली. ते शरणागती सांगत आहेत असा अर्थ लावला गेला. व्हॅटिकनने खुलासा केला, की त्यांना युद्धबंदी आणि वाटाघाटी अभिप्रेत होत्या. राज्यसचिव कार्डिनल पारोलिन यांनी तर प्रथम आक्रमकाने मारा थांबविला पाहिजे, असे स्पष्टच म्हटले. परमगुरूंचा हेतू निर्मळ होता याविषयी मला शंका नाही. तरीही बर्द्यान्स्कच्या लोकांना ‘पांढरे निशाण’ हे शब्द का बोचले असतील, हे समजून घेणे आपले कर्तव्य आहे. त्यांच्या शहरावर पांढरे निशाण जणू पहिल्याच आठवड्यात फडकले होते आणि त्यानंतर काय येते हे ते रोज अनुभवत होते. संत ऑगस्टीन यांनी शांततेची व्याख्या करताना सुव्यवस्थेतून येणारी स्थिरता असे म्हटले. व्यवस्था न्याय्य नसेल, तर जी उरते ती स्थिरता फार तर स्मशानाची किंवा तुरुंगाची असू शकते. पोप जॉन तेविसावे यांनी १९६३ मध्ये ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात शांतीचा पाया सत्य, न्याय, प्रेम आणि स्वातंत्र्य या चार खांबांवर ठेवला होता. बर्द्यान्स्कमध्ये त्यांतील किती खांब उभे राहिले?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताब्यातील शहर युद्धातून बाहेर पडते, हाही एक भ्रम आहे. २४ मार्च २०२२ रोजी युक्रेनच्या क्षेपणास्त्राने बर्द्यान्स्क बंदरात उभे असलेले ‘सारातोव्ह’ हे रशियन युद्धनौदलाचे जहाज नष्ट केले आणि धुराचे लोट शहरभर पसरले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी तेथील विमानतळावर अमेरिकी बनावटीच्या क्षेपणास्त्रांचा मारा झाला. बंदर ज्याच्या हाती आहे त्याचा शत्रू त्या बंदरावर नेम धरतोच आणि बंदराशेजारी कामगारांची घरे असतात. धार्मिक स्वातंत्र्याबाबतही केवळ एका पक्षाकडे बोट दाखवून भागणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मॉस्कोच्या धर्मपीठाशी संलग्न संस्थांवर बंदी आणण्याचा मार्ग खुला करणारा कायदा युक्रेनने केला, तेव्हा प्रार्थना करणाऱ्यांच्या स्वातंत्र्याविषयी चिंता वाटते आणि कोणत्याही ख्रिस्ती चर्चवर बंदी येऊ नये, असे पोप फ्रान्सिस यांनी जाहीरपणे म्हटले. युक्रेनच्या राज्यकर्त्यांना ते रुचले नाही. माझ्या मते त्या दोन गोष्टी तोलाने समान नाहीत. परंतु आपल्या धर्मगुरूंसाठी जे मागायचे ते शेजाऱ्याच्या धर्मगुरूंसाठीही मागितले पाहिजे, ही परमगुरूंची भूमिका योग्यच होती.

वसईच्या वाचकांना हा विषय अगदीच परका वाटू नये. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला घेतला, तो काही शांततेने नव्हे. दोन्हीकडची असंख्य माणसे त्या वेढ्यात मेली. पण शेवटी जो तह झाला, त्यात पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळता येईल, काही चर्च राखता येतील, असे कलम घालण्यात आले. पुढे अनेक चर्च मोडकळीस आली, युरोपीय संघीय धर्मगुरू निघून गेले. तरीही देशी धर्मगुरूंनी त्या फटीतून श्रद्धेची ज्योत टिकविली. उलट उदाहरण गोव्याचे. नेपोलियनच्या युद्धकाळात १७९९ पासून १८१३ पर्यंत इंग्रज पलटणी मित्र म्हणून गोव्यात येऊन बसल्या. एकही लढाई झाली नाही. दोना पावला येथील इंग्रजांची दफनभूमी तेवढी आज साक्षीला आहे. तेथे ताबा शांत राहिला, कारण येणाऱ्याने गावाचा कायदा, भाषा आणि देवघर यांना हात लावला नाही आणि गरज संपताच तो निघून गेला. प्रतिकार झाला की नाही यापेक्षा, आलेल्या सैन्याने लोकांचे काय काय बदलायचे ठरविले आहे, यावरच ‘शांततेने ताबा’ या शब्दांचा खरा अर्थ ठरतो.

हा सगळा विचार आता करण्यास एक तातडीचे कारण आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने पुढे केलेल्या २८ कलमी मसुद्यात झापोरिझ्झिया व खेरसन या प्रांतांत, सैन्ये जेथे उभी आहेत तेथेच रेषा गोठवावी असे सुचविले होते. २०२५ साल संपताना बर्द्यान्स्क रशियाच्याच ताब्यात होते आणि ते त्या रेषेच्या बरेच आत आहे. असा कोणताही तह झाला तर रणभूमीवरील सैनिक वाचतील आणि त्यासाठी आपण गुडघे टेकून प्रार्थना करावी. मे २०२५ मध्ये निवड झाल्यावर पोप लिओ चौदावे यांनी उच्चारलेला पहिलाच शब्द शांतीचा होता आणि निःशस्त्र शांतीचा आग्रह ते सतत धरीत आले आहेत. मात्र वाटाघाटीच्या मेजावर नकाशा पसरला जातो तेव्हा रेषा कुठून जाते यावरच सर्वांचे डोळे असतात. रेषेच्या आत राहणाऱ्यांचे काय, हा प्रश्न शेवटच्या पानावर जातो.

प्रसिद्ध झालेल्या त्या मसुद्यात युद्धकैद्यांच्या अदलाबदलीचे कलम होते, नागरी बंदिवान व मुले परत करण्याचे होते, ही समाधानाची गोष्ट. धार्मिक सहिष्णुतेचे नियम स्वीकारण्याची अटही होती. पण ती युक्रेनसाठी होती. बर्द्यान्स्कच्या बंद केलेल्या चर्चचे, तेथे कॅरितासला पुन्हा काम करू देण्याचे किंवा फादर इवान आणि फादर बोहदान यांच्या जागी दुसऱ्या कुणा धर्मगुरूने जाण्याचे कलम त्यात नव्हते.